अनिश्चित बाजार आणि पगारदाराची पुंजी

गोंदिया जिल्ह्यातील धान उत्पादक शेतकरी पावसाचा भरवसा कधीच धरीत नाही. तलावाखालच्या, पाणी धरून ठेवणाऱ्या बांध्यांत तो भारी धान लावतो आणि उंचावरील हलक्या जमिनीत लवकर निघणारे हलके धान पेरतो. पाऊस आश्विनात आटोपला तरी एक पीक हाती यावे, हा त्यातील हिशेब. नवेगावबांधचा विस्तीर्ण तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असे परंपरा सांगते; तलाव बांधणाऱ्या त्या पिढ्यांनीही पाऊस किती पडेल याचे भविष्य वर्तविले नव्हते. तो कमी पडला तर काय, एवढाच प्रश्न त्यांनी आधी विचारला आणि त्याचे उत्तर मातीच्या पाळीने दिले. याच जिल्ह्यातील पगारदार माणूस स्वतःच्या पुंजीच्या बाबतीत मात्र हा प्रश्न क्वचितच विचारतो.

शेअर बाजार हा मुंबईच्या दलालांचा व्यवहार, आपला त्याच्याशी संबंध काय, असे मानण्याची आपल्या मध्यमवर्गाची जुनी रीत आहे. ही समजूत आता टिकणारी नाही. १ नोव्हेंबर २००५ रोजी वा त्यानंतर राज्य शासनाच्या सेवेत आलेल्यांना जुन्या निवृत्तिवेतनाऐवजी अंशदायी योजना लागू झाली. तिचा काही भाग समभागांत गुंतविला जातो. खासगी नोकरदारांच्या भविष्यनिर्वाह निधीतील काही रक्कमही २०१५ पासून बाजाराकडे वळली आहे. म्हणजे जिल्हा परिषद शाळेतील तरुण गुरुजी असोत की भात गिरणीतील कारकून, बाजाराच्या उंबरठ्यात त्यांचे पाऊल कधीच पडले आहे. मार्च २०२३ मध्ये राज्यातील शासकीय कर्मचारी व शिक्षक जुन्या निवृत्तिवेतनासाठी संपावर गेले, त्यामागे हीच धास्ती होती. शासनाने २०२४ साली काही अटींवर हमीच्या निवृत्तिवेतनाचा पर्याय मान्य केला. तथापि विनाअनुदानित शाळांतील शिक्षक आणि कंत्राटी कर्मचारी यांच्या पाठीशी अशी हमी नाही.

चढ-उतारांची साक्ष

जानेवारी २००८ मध्ये मुंबई शेअर बाजाराचा निर्देशांक २१ हजारांवर पोहोचला होता. मार्च २००९ मध्ये तो ८ हजारांच्या आसपास आला आणि पूर्वीची उंची गाठावयास नोव्हेंबर २०१० उजाडावा लागला. २३ मार्च २०२० रोजी एकाच दिवसात तो १३ टक्क्यांहून अधिक कोसळला. पण त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात त्याने जुना उच्चांक ओलांडला. आता दोन शिक्षकांची कल्पना करावी. दोघांची बचत सारखी आणि दोघांचीही ती सर्वस्वी समभागांत. एक २००९ च्या आरंभी निवृत्त झाला, दुसरा २०१० च्या अखेरीस. पहिल्याच्या मुलीचे लग्न आणि घराचे छप्पर बाजार सावरेपर्यंत थांबणार नव्हते. दोघांच्या शहाणपणात काही फरक नव्हता. फरक होता तो पैसा लागण्याच्या वेळेत. पुंजी निम्मी झाली की ती पूर्ववत होण्यास दुप्पट व्हावी लागते, हे गणित निवृत्तीच्या तोंडावर असलेल्यास फार महाग पडते.

मग बाजारापासून दूर राहावे काय? तेही निर्धोक नाही. भाववाढ सरासरी ६ टक्के धरली तर वस्तूंच्या किमती सुमारे १२ वर्षांत दुप्पट होतात. म्हणजे आज ४६ वर्षांच्या माणसाला ५८ व्या वर्षी त्याच किराण्यास दुप्पट पैसे मोजावे लागतील. शिवाय 'सुरक्षित' ही पाटी नेहमीच खरी असते असे नाही. युनिट ट्रस्टची १९६४ ची योजना असंख्य नोकरदारांना बँकेच्या ठेवीइतकीच निर्धोक वाटत असे. जुलै २००१ मध्ये तिच्या युनिटांची परतखरेदी स्थगित झाली, तेव्हा तिचा पैसाही बाजारातच होता हे अनेकांना प्रथम कळले. बँकेतील ठेवीस २०२० पासून ५ लाख रुपयांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे. पतसंस्थेतील ठेवीस ते नाही. चार दोन टक्के अधिक व्याजासाठी तेथे सर्व पुंजी ठेवणाऱ्याने हे ध्यानी घ्यावे.

हलके धान, भारी धान

तेव्हा तयारी करावयाची ती बाजाराची दिशा ओळखण्याची नव्हे. आपली गरज ओळखण्याची. प्रथम सहा महिन्यांचा घरखर्च बचत खात्यात वा मुदत ठेवीत असावा. ज्याच्या मिळकतीवर घर चालते त्याचा निव्वळ मुदतीचा आयुर्विमा आणि कुटुंबाचा आरोग्यविमा असावा. जादा व्याजाचे कर्ज आधी फेडावे, कारण त्यावरील वाचलेले व्याज हा निश्चित लाभ असतो. पुढील पाचएक वर्षांत लागणारा पैसा, म्हणजे मुलांचे शिक्षण, लग्न, घरदुरुस्ती यांचा, समभागांकडे वळवू नये. तो टपाल खात्याच्या योजना आणि ठेवी यांत ठेवावा. हे हलके धान. त्याहून दूरच्या काळासाठी भविष्यनिर्वाह निधीच्या जोडीला पैशाचा काही भाग बाजारात असावा. तोही एका कंपनीत नव्हे, तर अनेक कंपन्यांत विभागणाऱ्या, अल्प खर्चाच्या इंडेक्स फंडासारख्या म्युच्युअल फंडात, दरमहा ठराविक हप्त्याने. निवृत्ती जवळ येईल तसतसा हा वाटा क्रमाने कमी करावा.

विद्यार्थ्यांना व नव्याने नोकरीस लागलेल्यांना एक इशारा देणे अगत्याचे आहे. भ्रमणध्वनीवर 'फ्यूचर्स-ऑप्शन्स'चे सौदे करून महिन्याच्या पगाराइतकी कमाई करण्याची आमिषे आज गावोगाव पोहोचली आहेत. बाजाराच्या नियामक संस्थेने, सेबीने, सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत असे सौदे करणाऱ्या व्यक्तींपैकी सुमारे ९३ टक्के तोट्यात गेल्या आणि त्यांचा एकत्रित तोटा १ लाख ८० हजार कोटी रुपयांहून अधिक होता. याला गुंतवणूक म्हणणे हा शब्दाचा दुरुपयोग आहे.

जमीनदारी संपल्यावर मालगुजारी तलाव शासनाकडे आले आणि त्यांची वार्षिक निगा राखण्याची गावाची जबाबदारी सैल झाली. अनेक तलाव गाळाने उथळ झाले. पुंजीचेही असेच होते. एकदा हप्ता सुरू केला की काम संपले असे न मानता, वर्षातून एकदा, दिवाळीच्या सुटीत म्हणा, कागद पुढे घेऊन बसावे. वारसाचे नाव नोंदले आहे काय, विम्याची रक्कम पुरेशी आहे काय, समभागांचा वाटा ठरविल्याहून वाढला आहे काय, हे पाहावे आणि घरातील दुसऱ्या एका व्यक्तीस ते सारे दाखवून ठेवावे. बाजार पुढील वर्षी चढेल की पडेल हे कोणीही सांगू शकणार नाही. तो पडला तरी मुलाचे शुल्क वेळेवर भरता येईल एवढी व्यवस्था मात्र पगारदाराच्या हाती आहे आणि ती त्याने याच वर्षी करावी.