बंदिस्त मंडल बाष्पन शीतक

यंत्रांतून तापून आलेले पाणी, तेल वा अन्य द्रव बाहेरील हवेच्या संपर्कात येऊ न देता, तो वाहून नेणाऱ्या नळ्यांवर पाणी फवारून बाष्पीभवनाने थंड करणारी औद्योगिक प्रयुक्ती. माठातील पाणी ज्या तत्त्वाने थंड होते, तेच तत्त्व येथे वापरतात. मात्र माठातून पाझरणारे पाणी हे आतल्याच पाण्याचा अंश असते. या शीतकात थंड होणारा द्रव आणि बाष्परूप होणारे पाणी ही सर्वस्वी अलग असतात.

रचना व कार्य : पत्र्याच्या उभ्या कोठीत नळ्यांचे वेटोळे बसविलेले असते. त्यातून उष्ण द्रव वाहतो. वरच्या तोट्यांतून वेटोळ्यावर पाणी पडते व तळाच्या टाकीत जमून पंपाने पुन्हा वर जाते. पंख्याने हवा कोठीतून खेळविली जाते. नळ्यांवरील पाण्याच्या पातळ थराचा थोडा भाग बाष्प होऊन हवेबरोबर निघून जातो. १ किग्रॅ. पाण्याच्या बाष्पीभवनास सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता लागते व ती मुख्यतः नळ्यांतील द्रवातून मिळते. हवेबरोबर उडणारे थेंब वरच्या वाकड्या पट्ट्यांच्या जाळीत अडविले जातात.

तापमापकाच्या फुग्यावर ओले कापड गुंडाळून तो वाऱ्यात धरल्यास दिसणारे आर्द्र तापमान ही या शीतलनाची सीमा होय. हवेचे तापमान ४०° से. व सापेक्ष आर्द्रता २०% असता आर्द्र तापमान सुमारे २२° ते २३° से. असते, द्रव त्याहून काही अंश वरच्या तापमानापर्यंत थंड करता येतो. केवळ हवेवर चालणाऱ्या शीतकात तो ४०° से.च्या खाली येऊच शकत नाही.

उपयोग : विद्युत् प्रवर्तन भट्टीची वेटोळी, हवा संपीडक, हायड्रॉलिक दाबयंत्रे इत्यादींच्या अरुंद मार्गांत धूळ व क्षार साचू नयेत म्हणून हा शीतक वापरतात. साखर कारखान्यातील निर्वात कढयांची वाफ संघनकात थेट पाण्यात मिसळते. म्हणून ते पाणी फवारा तळ्यात किंवा उघड्या शीतलन मनोऱ्यात थंड केले तरी चालते.

पाण्याचा खर्च : अहिल्यानगर (२०२४ पूर्वीचे नाव अहमदनगर) जिल्ह्याचा बराचसा भाग सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत आहे. उन्हाळ्यातील कोरडी हवा या शीतकास अनुकूल असते, परंतु पाण्याची टंचाईही त्याच काळात तीव्र असते. ताशी १ लाख किलोकॅलरी उष्णता केवळ बाष्पीभवनाने काढून टाकण्यास ताशी सुमारे १७० लिटर, म्हणजे अहोरात्र सुमारे ४,१०० लिटर पाणी उडून जाते. मागे उरलेले क्षार दाट होऊन नळ्यांवर त्यांचा थर बसतो व उष्णता बाहेर पडेनाशी होते. त्यामुळे काही पाणी सोडून द्यावे लागते. क्षारांचे प्रमाण मूळच्या चौपटीवर राखल्यास ते उडालेल्या पाण्याच्या एक-तृतीयांश भरते. पाणी मृदू केल्यास हा निचरा कमी करता येतो. साठलेल्या पाण्यात रोगकारक जंतू वाढू नयेत म्हणून जंतुनाशकेही घालावी लागतात.

हिवाळ्यात, विशेषतः रात्री, हवा पुरेशी गार असल्यास फवारा बंद ठेवून केवळ पंख्यावर काम भागविता येते. उसाच्या वजनाचा सुमारे ७०% भाग पाणीच असल्याने साखर कारखान्यास रस आटविताना संघनित पाणी मिळते व शुद्ध करून ते शीतलनास वापरता येते. इतर कारखान्यांना मात्र ही भरपाई बाहेरूनच करावी लागते. म्हणून अशा प्रदेशात शीतक निवडताना विजेच्या खर्चाइतकाच पाण्याचा हिशेबही महत्त्वाचा ठरतो.