पगारपत्रकावर कपात, पासबुकात शून्य

गेल्या महिन्यात उपासनेनंतर चहाच्या वेळी एका तरुणाने मला विचारलं, "अंकल, आमच्या कंपनीत पगार वीस तारखेला होतोय. नोकरी सोडू काय?" मी उलट विचारलं, "पीएफचं पासबुक बघितलास काय?" त्याने बघितलं नव्हतं. मीही चौदा महिने बघितलं नव्हतं, म्हणून हे लिहायला बसलो.

बेळगावच्या उद्यमबागेत एका फौंड्रीत मी अकरा वर्षं तपासणी विभागात होतो. पंपाचे ओतीव भाग तपासायचे, दोष असलेले बाजूला काढायचे. थोरले मालक होते तोवर बरं चाललं. ते रोज सकाळी फेरी मारत, वाळू मुठीत दाबून बघत. पुढे कारभार पोरांच्या हाती गेला आणि दोन वर्षांत तीन मॅनेजर झाले. प्रत्येकजण आधीच्याचं रजिस्टर बंद करून आपलं सुरू करायचा. पॅटर्न तयार नसताना ऑर्डर घ्यायची, वाळूचा ओलावा न बघता साचे भरायचे, मग कास्टिंगला भोकं पडली की दोष तपासणाऱ्याचा! "तू पास कर, पुढचं आम्ही बघतो," असंही मला सांगितलं गेलं. माल परत आला तेव्हा सही माझीच होती.

पगार सात तारखेच्या आत द्यावा असा कायदा. आमचा वीसवर गेला. रोज कुणाला तरी "उद्यापासून येऊ नको" म्हणत, त्यामुळे आम्ही गप्प.

त्यातच मुलीला नर्सिंगला प्रवेश मिळाला. सात वर्षं भरली की मुलांच्या शिक्षणासाठी पीएफमधल्या आपल्या वाट्यातून निम्मी उचल मिळत असे. पासबुक उघडलं तर चौदा महिने एक रुपया जमा नाही. पगारपत्रकावर मात्र दरमहा १,५६० रुपये कापलेले. मूळ वेतन १३,०००, त्याचे १२ टक्के. माझ्या घामाचे २१,८४० रुपये, कंपनीचा वाटा वेगळाच.

ऑफिसातले साहेब आमच्याच मंडळीतले. ते म्हणाले, "धीर धर, प्रार्थना कर." प्रार्थना मी केलीच. पण कामगाराची कापलेली रक्कम न भरणं हा विश्वासघाताचा फौजदारी गुन्हा आहे, हे साहेबांना ठाऊक नव्हतं असं मला वाटत नाही.

सात जणांनी पीएफ कार्यालयात अर्ज दिला. जुनी पगारपत्रकं बायकोने गीतपुस्तकाच्या पिशवीत जपून ठेवलेली, ती कामाला आली. चौकशी लागली, आठ महिन्यांनी बाकी भरली गेली. तोवर सातातल्या चौघांना "काम नाही" म्हणून घरी बसवलं होतं. त्यात मी. मुलीची फी बायकोच्या पाटल्या मोडून भरली. साहेब आजही आमच्या पुढच्या बाकावर बसतात. नमस्कार होतो, एवढंच.

ग्रॅच्युइटी अजून अडकलीय. महिना २६ दिवसांचा धरून वर्षाला १५ दिवसांचं वेतन, म्हणजे ७,५००. अकरा वर्षांचे ८२,५००. कायद्याने ३० दिवसांत मिळायला हवेत. कामगार खात्यात दोन तारखा झाल्या, कंपनीचं कुणी आलं नाही. तिसरी येत्या सोमवारी.

काल त्या तरुणाचा फोन आला. त्याच्या पासबुकात पाच महिने कोरे आहेत, आणि कंपनी पगारपत्रक देतच नाही म्हणाला. रविवारी बँकेचं पासबुक आणि हजेरीचं कार्ड घेऊन ये, म्हटलंय त्याला.