लढाऊ वैमानिक घडतो किती वर्षांत?

वागळे इस्टेटच्या शासकीय आयटीआयमध्ये वेल्डरचा अभ्यासक्रम एका वर्षाचा, फिटरचा दोन वर्षांचा. त्याच भागातल्या बारावी झालेल्या मुलाने लढाऊ वैमानिक व्हायचं ठरवलं, तर त्याला किमान पाच वर्षं हाताशी धरावी लागतील.

त्यातली पहिली तीन खडकवासल्याला. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी, म्हणजे एनडीए, इथे १९५५ पासून आहे, आणि २०२५ च्या मे महिन्यात तिथून मुलींची पहिली तुकडीही बाहेर पडली. पण या दारातून आत जाण्याआधी एक कठोर अट आहे. हवाई दलाची संगणकावरची वैमानिक निवड चाचणी आयुष्यात एकदाच देता येते. त्यात नापास झालेल्याला वैमानिक होण्याची दुसरी संधी नाही.

खडकवासल्यानंतर हैदराबादजवळ डुंडीगलची हवाई दल अकादमी. पिलाटस विमानात पुढे विद्यार्थी, मागे प्रशिक्षक. काही महिन्यांनी मागची जागा रिकामी ठेवून एकट्याने उडायचं. इथेच वाटा फुटतात: कुणी हेलिकॉप्टरकडे, कुणी मालवाहू विमानांकडे, आणि मोजके लढाऊ विमानांकडे. या मोजक्यांचा पुढचा मुक्काम उदगीरपलीकडचं बिदर, हॉक जेटवर सुमारे वर्षभर. स्क्वाड्रनमध्ये गेल्यावरही तिथलं विमान नव्याने शिकावं लागतंच. पदवीनंतर येणाऱ्यांची खडकवासल्याची तीन वर्षं वाचतात. पुढचं काहीच वाचत नाही.

बिदरचा हा टप्पा आपल्याकडे फार उशिरा आला. त्याआधी संथ किरण विमानावर शिकलेला तरुण थेट मिग-२१ मध्ये बसायचा. नाशिकजवळ ओझरच्या कारखान्यातही बनलेलं हे विमान ताशी ३०० किलोमीटरच्या आसपास वेगाने धावपट्टीवर उतरायचं. तिथे चूक सुधारायला क्षणही मिळायचा नाही. मधल्या पायरीसाठी प्रगत प्रशिक्षण जेट घ्या, असं ला फाँटेन समितीने १९८२ मध्येच सुचवलं होतं. ६६ हॉकचा करार झाला २००४ मध्ये आणि बिदरला ती दाखल झाली २००८ मध्ये. या सव्वीस वर्षांत अनेक तरुण अधिकारी अपघातांत गेले. या दिरंगाईचं समर्थन करता येणार नाही.

२००१ च्या सप्टेंबरात राजस्थानात सुरतगडला रात्रीच्या उड्डाणात मिग-२१ कोसळून फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ गेले. मुलाच्या मृत्यूनंतर आई कविता गाडगीळ यांनी हवाई सुरक्षेचा प्रश्न चिकाटीने लावून धरला. मिग-२१ अखेर २६ सप्टेंबर २०२५ रोजी निवृत्त झालं.

आता पहिल्या टप्प्याच्या शिक्षणासाठी देशी विमान येऊ घातलं आहे. ७० एचटीटी-४० विमानांचा करार मार्च २०२३ मध्ये झाला. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्यांच्या बांधणीची दुसरी साखळी सुरू झाली, तीही ओझरलाच. ही विमानं आता तरी वेळेवर विद्यार्थ्यांच्या हाती पडायला हवीत.