लाल मिरची, हिरवी मिरची

धारूर तालुक्यातल्या आमच्या बचत गटातली एक ऊसतोड करणारी बाई टीबीच्या गोळ्या घेत होती. एका बैठकीत म्हणाली, "ताई, यंदा मिरच्या लालच होईनात. समद्या एकाच रंगाच्या दिसायल्यात." सगळ्या हसल्या. मलाही वाटलं, चाळिशी आली असेल. पण नंतर कळलं, तिला समोरच्याचं तोंडही धूसर दिसत होतं.

नेत्रतज्ज्ञांनी डोळ्यांआधी तिची गोळ्यांची पाकिटं मागितली. त्यात एथॅमब्युटॉल असतं. थोड्या रुग्णांत ते डोळ्याच्या नसेला इजा करतं आणि बऱ्याचदा आधी लाल-हिरव्यातला फरकच जातो. दुखत नाही, डोळा लाल होत नाही, मग बाई डॉक्टरकडे जाणार कशाला? किडनी कमजोर असेल तर धोका वाढतो. पूर्वी नव्या रुग्णाला हे औषध पहिले दोन महिनेच असे. २०१७ पासून देशभर रोजच्या गोळ्यांची पद्धत आली आणि ते सहाही महिने सुरू राहू लागलं.

लघवी लाल होईल, हे तिला सांगितलं होतं. डोळ्यांचं कुणी बोललं नव्हतं!

नवरा म्हणाला, सगळ्याच गोळ्या फेका. मुकादमाकडून उचल घेतलेली, दिवाळीनंतर कोयता निघणार. डॉक्टरांनी मात्र तेवढं एकच औषध थांबवलं. बाकीची चालूच ठेवली, नाहीतर टीबी उलटला असता.

संक्रांतीला फडावरून तिचा फोन आला. बारीक अजून दिसत नाही, पण मिरच्या निवडता येतात म्हणाली.