जुन्या मोटारसायकलीची तडफ

जुनी मोटारसायकल सुस्त वाटू लागली की ती विकून अधिक शक्तीची नवी घ्यावी, असा विचार साहजिकच मनात येतो. परंतु गाडीचा कमाल वेग आणि तिची तडफ या दोन निराळ्या गोष्टी आहेत. गाडी किती त्वरेने वेग घेते, याला शास्त्रीय परिभाषेत त्वरण म्हणतात. मागील चाक रस्त्यावर किती बल लावते आणि त्या बलाला किती वजन ओढावे लागते, यावर ते मुख्यतः अवलंबून असते. म्हणून इंजिन न बदलताही त्वरण वाढविता येते. मात्र त्याचे मोल कोठे तरी चुकवावे लागते.

उदाहरणादाखल बिडाच्या सिलिंडरची जुनी बुलेट 350 घेऊ. 1955 साली मद्रास येथे या गाडीची जुळणी सुरू झाली. तिच्या सिलिंडरचा व्यास 70 मिलिमीटर, पिस्टनची धाव 90 मिलिमीटर, घनफळ 346 घन सेंटिमीटर आणि शक्ती सुमारे 18 अश्वशक्ती. व्यासापेक्षा धाव मोठी आणि फ्लायव्हील जड, अशी ही रचना कमी फेऱ्यांत जोर देण्यासाठी योजलेली आहे. मिनिटाला 5000 फेरे झाले तर पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला 15 मीटर होतो. तेव्हा या इंजिनाला अधिक वेगाने फिरविण्यात शहाणपण नाही.

सुधारणेची पहिली पायरी म्हणजे गमावलेली शक्ती परत मिळविणे. झिजलेल्या पिस्टन रिंगा, नीट न बसणाऱ्या झडपा, ठिणगीची चुकलेली वेळ, घसरणारा क्लच आणि चाकाला घासत राहणारा ब्रेक यांत बरीचशी शक्ती वाया जाते. हे दोष दूर होण्यापूर्वी नवे भाग बसविणे म्हणजे गळक्या घागरीत पाणी भरणे होय.

दुसरी पायरी साखळीच्या दंतचक्राची. या गाडीत मागील दंतचक्र ब्रेकच्या ड्रमशी एकसंध असते. म्हणून गिअरपेटीवरील लहान चक्रच बदलतात. तेथवर पोहोचण्यासाठी क्लच उतरवावा लागतो. 16 दात्यांऐवजी 15 दात्यांचे चक्र बसविले, तर चाकावरील बल सुमारे 6.7 टक्क्यांनी वाढते. परंतु पूर्वी ज्या फेऱ्यांत ताशी 80 किलोमीटर वेग मिळे, त्याच फेऱ्यांत आता 75 मिळतो. घाटात आणि शहरात हा सौदा लाभाचा ठरतो. लांबच्या सपाट रस्त्यावर नाही.

वजनाचा हिशेबही असाच सरळ आहे. गाडी आणि चालक मिळून 235 किलोग्रॅम होत असतील आणि त्यांतील 10 किलोग्रॅमचे अनावश्यक सामान उतरविले, तर तेवढ्याच बलाने त्वरण चार टक्क्यांहून अधिक वाढते. येथे खर्च काहीच नाही.

याउलट मोठा कार्ब्युरेटर बसविण्याचा मोह टाळावा. हवेची वाट रुंद झाली की कमी फेऱ्यांत तिचा वेग मंदावतो, पेट्रोलचे कण नीट विखुरत नाहीत आणि जेथे जोर हवा तेथेच इंजिन अडखळते. मोकळ्या सायलेन्सरने आवाज वाढतो, पण आवाज म्हणजे शक्ती नव्हे. शिवाय त्यामुळे मिश्रणातील पेट्रोलचे प्रमाण कमी पडून इंजिन तापण्याचा धोका असतो.

आणखी एक विचार आवश्यक आहे. गाडी थांबविताना ब्रेकला जी ऊर्जा शोषावी लागते, ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी 60 ऐवजी 75 किलोमीटर वेग असेल, तर ती दीडपटीहून अधिक होते. जुन्या ड्रम ब्रेकची आणि टायरांची तपासणी म्हणूनच आधी व्हावी. इंजिनाची क्षमता नोंदणीपत्रात लिहिलेली असते आणि त्या तपशिलाशी विसंगत बदल करण्यास 1988 च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 चा प्रतिबंध आहे, याचाही विसर पडू नये.

सारांश, जुन्या गाडीतून थोडी अधिक तडफ काढता येते, परंतु तिची नवी गाडी होत नाही. रोजच्या रस्त्याला तेवढी तडफ पुरत असेल तर जुनी ठेवावी. जेथे सुरक्षित थांबण्यासाठीच अधिक सामर्थ्य हवे, तेथे मात्र नव्या गाडीचा विचार करणेच योग्य.