परिपाठ संपल्यावरची बातमी
शिकवण्याच्या वाटा : लेखांक ७

महाराष्ट्रातील बहुतेक शाळांचा दिवस परिपाठाने सुरू होतो. राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, प्रार्थना, सुविचार आणि बोधकथा यांच्या जोडीला एक विद्यार्थी दिनविशेष वाचतो, दुसरा वर्तमानपत्रातील ठळक बातम्या वाचतो, आणि रांगा वर्गांकडे वळल्या की या दोन्ही गोष्टी मैदानावरच राहून जातात. चालू घडामोड आणि इतिहासातील छोटी, चटकदार नोंद ही विद्यार्थ्याचे लक्ष वेधून घेणारी दोन साधने रोज सकाळी विनासायास हाताशी येतात, परंतु ती एकमेकांशी जोडली जात नाहीत आणि त्या दिवशी वर्गात शिकवल्या जाणाऱ्या पाठाशी तर मुळीच जोडली जात नाहीत. ही जोडणी कशी करता येते आणि ती करताना कोठे पाय घसरतो, याचा विचार प्रस्तुत लेखांकात नाशिक जिल्ह्यातील उदाहरणांच्या आधारे केला आहे.

चटकदार नोंद म्हणजे संदर्भापासून सुटलेला माहितीचा तुकडा. प्रश्नमंजूषेत तो शोभतो, कारण तेथे उत्तर आले की प्रश्न संपतो. वर्गात मात्र उत्तर आल्यावर पुढचा प्रश्न सुरू व्हावा लागतो. नाशिकरोड येथील सरकारी छापखान्यात नोटांची छपाई कोणत्या वर्षी सुरू झाली, या प्रश्नाचे उत्तर १९२८ असे आहे आणि ते सांगून झाले की बोलण्यासारखे फारसे उरत नाही. याउलट, पाकिस्तान सरकारचे नाव असलेल्या पहिल्या नोटा कोठे छापल्या गेल्या, असा प्रश्न केला आणि त्याचे उत्तर ‘नाशिकमध्ये’ असे दिले, तर वर्गात चुळबुळ सुरू होते. फाळणीनंतरच्या पहिल्या काही महिन्यांत भारतीय रिझर्व्ह बँक हीच दोन्ही देशांची मध्यवर्ती बँक होती, नव्या देशाकडे नोटा छापण्याची स्वतःची यंत्रणा नव्हती, त्यामुळे भारतीय नोटेवरच ‘पाकिस्तान सरकार’ अशी इंग्रजी व उर्दू अक्षरे घालून त्या १९४८ मध्ये चलनात आणल्या गेल्या, हे स्पष्टीकरण देताना फाळणी, मध्यवर्ती बँक आणि चलन या तीनही संकल्पना ओघाने येतात. दोन्ही नोंदी एकाच छापखान्याच्या आहेत. पण पहिली नोंद दार लावून घेते आणि दुसरी ते उघडते.

उत्तरापूर्वीच्या क्षणाला किती महत्त्व असते, हे मानसशास्त्रीय प्रयोगांतूनही दिसून आले आहे. अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सहभागी व्यक्तींना सामान्यज्ञानाचे प्रश्न दाखवले, उत्तराबद्दल किती कुतूहल वाटते हे नोंदवून घेतले, आणि प्रश्न व उत्तर यांच्या मधल्या काही सेकंदांत प्रश्नाशी काहीही संबंध नसलेला एक चेहरा पडद्यावर दाखवला. ज्या प्रश्नांबद्दल कुतूहल अधिक होते त्यांची उत्तरे तर अधिक लक्षात राहिलीच, परंतु त्या प्रतीक्षेत दिसलेले चेहरेही अधिक चांगले लक्षात राहिले. शिक्षकाच्या दृष्टीने याचा अर्थ असा की, प्रश्न टाकून लगेच उत्तर सांगणे हा तोट्याचा व्यवहार आहे. प्रश्न तासाच्या सुरुवातीला टाकावा, मधल्या वेळात पाठ शिकवावा आणि उत्तर पाठातूनच बाहेर पडू द्यावे.

नाशिक परिसरात असा प्रश्न टाकण्यासाठी सिन्नर तालुक्यातील जोगलटेंभी येथे १९०६ मध्ये सापडलेल्या नाण्यांच्या साठ्याइतकी चांगली जागा क्वचितच मिळेल. या साठ्यात क्षत्रप राजा नहपान याची तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी होती. क्षत्रप म्हणजे पश्चिम भारतात इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांत राज्य करणारे शक वंशातील राजे, आणि नहपान हा त्यांच्या क्षहरात घराण्याचा. नाण्याच्या एका बाजूला राजाचे मस्तक व ग्रीक लिपीतील अक्षरे, दुसऱ्या बाजूला बाण व वज्र आणि त्याभोवती ब्राह्मी व खरोष्ठी या लिप्यांतील लेख, अशी त्याची घडण होती. मात्र या साठ्यातील नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी याने आपला ठसा पुन्हा मारलेला होता. एका बाजूला कमानींनी दाखवलेला डोंगर आणि भोवती सातकर्णीचे नाव, दुसऱ्या बाजूला वर्तुळांनी जोडलेल्या फुलीचे, म्हणजे नाणेशास्त्रात ज्याला उज्जैन चिन्ह म्हणतात त्याचे अंकन. आणि या नव्या ठशाखाली काही नाण्यांवर नहपानाचे नाक, हनुवटी किंवा एखादे ग्रीक अक्षर अजूनही डोकावते.

अशा नाण्याच्या चित्राशेजारी ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री जाहीर झालेल्या नोटाबंदीचे वर्तमानपत्रातील कात्रण ठेवले, तर सातवाहनांचा पाठ एकदम जवळ येतो. पाचशे आणि हजार रुपयांच्या तेव्हाच्या नोटा, ज्यांचे मूल्य चलनातील एकूण नोटांच्या मूल्याच्या सुमारे ८६ टक्के होते, त्या निर्णयाने कायदेशीर चलन राहिल्या नाहीत. गौतमीपुत्राने मात्र शत्रूची नाणी रद्द केली नाहीत, वितळवली नाहीत, केवळ त्यांवर ठसा मारला. एका सत्ताधीशाला जुने चलन तसेच ठेवून चालते आणि दुसऱ्या व्यवस्थेला ते बाद करावे लागते किंवा करता येते, हा फरक कशामुळे पडतो, हा तासाचा खरा प्रश्न. याच्या उत्तरात अर्थशास्त्रातील एक मूलभूत भेद दडलेला आहे. चांदीच्या नाण्याचे धातुमूल्य, म्हणजे त्यातील चांदीची किंमत, राजा बदलला तरी शिल्लक राहते. कागदी नोटेला मात्र दर्शनी मूल्य असते, म्हणजे तिच्यावर छापलेली रक्कम देण्याचे वचन हीच तिची सारी किंमत, आणि वचन देणाऱ्याने ते मागे घेतले की कागद उरतो. ठसा मारण्यात चांदी वाचते, मजुरी वाचते, आणि बाजारात नाणे हातोहात फिरते तेव्हा सत्तांतराची बातमीही त्याबरोबर फिरते. ज्या काळात वर्तमानपत्र नव्हते त्या काळात नाणे हेच वर्तमानपत्राचे काम करी, हे या ठिकाणी विद्यार्थी बहुधा स्वतःच म्हणतात आणि शिक्षकाला सांगावे लागत नाही. या तासाला साहित्यही सहज मिळते, कारण नाशिकजवळच अंजनेरी येथे नाणेशास्त्राला वाहिलेली संशोधन संस्था व संग्रहालय आहे.

पांडवलेणी, म्हणजेच त्रिरश्मी डोंगरावरील बौद्ध लेणी, हे नाशिकमधील शालेय सहलींचे ठरलेले ठिकाण. तेथील दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात याने कोरवलेला एक लेख आहे. त्याने दान दिलेल्या तीन हजार कार्षापणांपैकी, म्हणजे त्या काळच्या चांदीच्या नाण्यांपैकी, दोन हजार गोवर्धन येथील विणकरांच्या एका श्रेणीकडे दरमहा शेकडा एक या दराने आणि एक हजार दुसऱ्या श्रेणीकडे दरमहा शेकडा पाऊण या दराने ठेवल्याचे त्यात नमूद आहे. श्रेणी म्हणजे एकाच व्यवसायातील कारागिरांची संघटना, जी ठेवी स्वीकारण्याचे कामही करी. मूळ रक्कम परत मिळायची नव्हती, केवळ व्याज वापरायचे होते, आणि लेण्यात वर्षावास, म्हणजे पावसाळ्यातील मुक्काम, करणाऱ्या वीस भिक्षूंना त्यातून प्रत्येकी बारा कार्षापण वस्त्रासाठी द्यायचे होते. दरमहा शेकडा एक म्हणजे वर्षाला बारा. दोन हजारांवर वर्षाचे व्याज दोनशे चाळीस. ते वीस जणांत वाटले तर प्रत्येकी बरोबर बारा. सुमारे अठराशे-एकोणीसशे वर्षांपूर्वी दगडात कोरलेला हिशोब सातवी-आठवीच्या सरळव्याजाच्या सूत्राने जुळतो, हे फळ्यावर मांडल्यावर गणिताच्या तासाला इतिहासाचे पुस्तक उघडण्यास कोणाची हरकत नसते.

या शिलालेखाला जोडायची बातमी दर दोन महिन्यांनी येते. भारतीय रिझर्व्ह बँकेची पतधोरण समिती रेपो दर, म्हणजे बँकांना रिझर्व्ह बँकेकडून ज्या दराने अल्पमुदतीचे कर्ज मिळते तो दर, जाहीर करते. फेब्रुवारी २०२३ पासून ६.५ टक्क्यांवर असलेला हा दर फेब्रुवारी २०२५ मध्ये ६.२५ टक्क्यांवर आणला गेला. विणकरांची श्रेणी वर्षाला बारा टक्के कोठून देत असेल, त्या पैशावर तिचा धंदा किती चालत असेल, आणि दोन श्रेणींचे दर वेगळे का, या प्रश्नांवर अनुमानच करावे लागते. अनुमान आणि पुरावा यांतील सीमारेषा विद्यार्थ्यांना दाखवण्यासाठी ही संधी सोन्यासारखी आहे. ‘दर वेगळा होता’ हा पुरावा, ‘धोका कमी म्हणून दर कमी’ हे अनुमान.

चलन व व्याज हे विषय कोणाला दुखावत नाहीत. कांद्याचे तसे नाही. निफाड, येवला, चांदवड, सटाणा या तालुक्यांतील शाळांत कांद्याची बातमी ही दूरची घडामोड नसून रात्रीच्या जेवणाच्या वेळी घरात झालेली चर्चा असते. ऑगस्ट २०२३ मध्ये निर्यातीवर ४० टक्के शुल्क, ८ डिसेंबर २०२३ रोजी निर्यातबंदी, मे २०२४ मध्ये बंदी उठवून टनामागे ५५० डॉलर किमान निर्यातमूल्य, आणि १ एप्रिल २०२५ पासून निर्यातशुल्क पूर्णपणे रद्द, असा हा क्रम आहे. किमान निर्यातमूल्य म्हणजे ज्या किमतीखाली माल परदेशी पाठवता येत नाही ती किंमत. लासलगावच्या बाजार समितीतील लिलावाचे रोजचे किमान, कमाल आणि सरासरी भाव वर्तमानपत्रात येतात. निर्णयाच्या आधीचे आठ दिवस आणि नंतरचे आठ दिवस असे दोन रकाने करून ते भाव आलेखावर मांडणे हे भूगोल, गणित आणि नागरिकशास्त्र यांचे एकत्रित काम होते. इतिहासाचा धागा येथे १९५५ च्या जीवनावश्यक वस्तू कायद्याशी, टंचाईच्या काळातील सरकारी नियंत्रणांशी, आणि १९९८ च्या दिल्ली विधानसभा निवडणुकीत कांद्याची भाववाढ प्रचाराचा मुद्दा झाली होती त्या प्रसंगाशी जुळतो. चाळीत उन्हाळ कांदा साठवून भावाची वाट पाहणारे कुटुंब आणि मुंबईत किलोने कांदा विकत घेणारे कुटुंब यांच्यासाठी एकच बातमी उलटसुलट अर्थाची असते. शिक्षकाने यांपैकी एका बाजूचा वकील होणे टाळावे, तसेच कोणा विद्यार्थ्याच्या घरच्या कर्जाचा विषय वर्गात निघणार नाही याची काळजी घ्यावी. मात्र वाद आहे म्हणून विषयच टाळणे हा शहाणपणा नव्हे. विद्यार्थ्याला जी बातमी सर्वांत जवळून कळते तीच वर्गात वर्ज्य ठरली, तर शाळेचे ज्ञान आणि शाळेबाहेरचे जग यांची सांगड घालण्याचे २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यातील पहिले तत्त्व कागदावरच राहते.

नाशिकमधील काळाराम मंदिराबाबत अशीच सावधगिरी आणि असेच धैर्य लागते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली २ मार्च १९३० रोजी तेथे मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला, ही नोंद दिनविशेषात येते आणि वाचून सोडून दिली जाते. त्याच महिन्याच्या १२ तारखेला महात्मा गांधींची दांडीयात्रा साबरमतीहून निघाली, ही दुसरी नोंद दहा दिवसांनी वाचली जाते. दोन्ही शेजारी ठेवल्यास एक सत्याग्रह परकीय सरकारच्या कायद्याविरुद्ध आणि दुसरा आपल्याच समाजाने बंद केलेल्या दाराविरुद्ध होता, हे ध्यानात येते, आणि दोहोंत साधन एकच का निवडले गेले हा प्रश्न आपोआप उभा राहतो. १२ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधानांनी या मंदिराला भेट दिली तेव्हा मंदिराचे नाव देशभरच्या बातम्यांत होते; त्या आठवड्यात संविधानातील अस्पृश्यता नष्ट करणारा सतरावा अनुच्छेद वाचून दाखवण्यासाठी याहून चांगले निमित्त शोधूनही मिळाले नसते. बातमी येते तेव्हा पाठ्यपुस्तकातील तो धडा पुढच्या सत्रात असेल, तर क्रम बदलण्याची मुभा शिक्षकाने घ्यावी. पुस्तकाची पाने कोठे पळून जात नाहीत.

चटकदार नोंदींचा एक दोष असा की, त्या खोट्या असल्या तरी तितक्याच चटकदार असतात, किंबहुना अधिकच. मोबाइलवर फिरणारे दिनविशेष तपासल्याशिवाय फळ्यावर येऊ नयेत. तपासणी हीदेखील शिकवण्याची गोष्ट आहे. छत्रपती शिवाजी महाराजांच्या जन्मतिथीबाबत पूर्वी शके १५४९ च्या वैशाखातील तिथी प्रचलित होती, पुढे जेधे शकावलीसारख्या साधनांच्या आधारे शके १५५१ मधील फाल्गुन वद्य तृतीया, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०, ही तिथी शासनाने स्वीकारली. म्हणजेच दिनविशेषाच्या फलकावरील तारीखसुद्धा कोणीतरी पुराव्यांची छाननी करून ठरवलेली असते.

नाशिकच्या शिक्षकांना सर्वांत मोठी चालू घडामोड आता उंबरठ्याशीच मिळते, ती म्हणजे २०२६-२७ चा नाशिक-त्र्यंबकेश्वर सिंहस्थ. गुरू ग्रह सिंह राशीत आला की हा मेळा भरतो आणि तो बारा वर्षांनी येतो, असे सर्वत्र सांगितले जाते. २००३ आणि २०१५ च्या मेळ्यांनी ते खरेही ठरवले. पण गुरूला सूर्याभोवती एक फेरी पूर्ण करण्यास सुमारे ११.८६ वर्षे लागतात, म्हणजे प्रत्येक बारा वर्षांमागे साधारण ५१ दिवसांचा फरक साचत जातो आणि सात फेऱ्यांत तो जवळजवळ एका वर्षाइतका होतो. अशा वेळी मेळ्यांतील अंतर बाराऐवजी अकरा वर्षांचे व्हायला हवे. ते प्रत्यक्षात केव्हा तसे झाले, हे जुन्या पंचांगांतून, जिल्हा गॅझेटिअरमधून आणि गंगाघाटावरील तीर्थपुरोहितांच्या वंशावळींच्या वह्यांतील नोंदींतून शोधण्याचे काम नववीच्या एका गटाला सहामाहीभर पुरते, आणि ध्वजारोहणाच्या बातम्या येऊ लागण्यापूर्वी ते हाती घेतलेले बरे.

(पुढील लेखांक : गावाचा नकाशा वर्गात काढताना)