प्रवेश-अनुमतीचा संकेत आणि संगणकावरील स्थानिक वेब सर्व्हर

जळगाव व धुळे जिल्ह्यांतील महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत एकच संगणक दिवसभरात अनेकांच्या हाताखालून जातो. अशा संगणकावरील एखाद्या आज्ञावलीस प्राध्यापकांच्या गूगल खात्यात अंतर्गत गुणांची नोंद करावयाची असल्यास तिने त्यांचा पासवर्ड मागणे सर्वथा अयोग्य होय. २०१२ च्या ओ-ऑथ २.० या मानकानुसार आज्ञावली वापरकर्त्यास ब्राउझरद्वारे गूगलकडे पाठवते. पासवर्ड तेथेच दिला जातो. संमतीनंतर एक अल्पजीवी संकेत परत येतो व तो देऊन आज्ञावली टोकन मिळवते.

हा संकेत परत यावा कोठे? संकेतस्थळास इंटरनेटवर पत्ता असतो, प्रयोगशाळेतील आज्ञावलीस तो नसतो. पूर्वी ब्राउझरमध्ये उमटलेला संकेत हाताने उतरवून घेण्याची सोय होती. फसवणुकीस वाव देणारी ही पद्धत गूगलने २०२२ मध्ये नव्या अनुप्रयोगांसाठी बंद केली.

आरएफसी ८२५२ (२०१७) या दस्तऐवजात यावर सुचविलेला एक मार्ग स्थानिक सर्व्हरचा आहे. ब्राउझर उघडण्यापूर्वी आज्ञावली त्याच संगणकावर एक लहानसा वेब सर्व्हर सुरू करते आणि परतीचा पत्ता म्हणून १२७.०.०.१ व पोर्ट क्रमांक कळवते. या पत्त्यावरील संदेश संगणकाबाहेर जातच नाही, म्हणून येथे साधे एचटीटीपी चालते. मात्र सर्व्हर सर्व पत्त्यांवर खुला ठेवल्यास शेजारच्या संगणकांनाही तो गाठता येतो. ८०८० हा पोर्ट ठरवून टाकण्याची सवयही घातक, कारण टॉमकॅट बहुधा तेथेच बसलेला असतो. मोकळा पोर्ट कार्यप्रणालीकडूनच मागून घ्यावा आणि संकेत मिळताच सर्व्हर बंद करावा.

तथापि, दारावर आलेला प्रत्येक संकेत खरा नसतो. ब्राउझरमधील अन्य पृष्ठ परक्या खात्याचा संकेत या पत्त्यावर ढकलू शकते, आणि मग विद्यार्थ्यांचे गुण अनोळखी खात्यात नोंदले जातात. प्रत्येक वेळी नवे यादृच्छिक ‘स्टेट’ मूल्य पाठवून ते उत्तराशी ताडून पाहिल्यास हे टळते. उलट, आपला संकेत दुसऱ्या आज्ञावलीने पळविल्यास ‘पिक्सी’ ही पद्धत (२०१५) उपयोगी पडते: आरंभी गुप्त शब्दाचा केवळ हॅश पाठविला जातो, टोकन मागताना मूळ शब्द द्यावा लागतो.

इतकी दक्षता घेऊनही गूगलच्या पायथॉनमधील नमुना-आज्ञावलीप्रमाणे टोकन चालू फोल्डरमधील फाइलीत साठविले, तर पुढच्या तासिकेस त्याच लॉगिनवर बसणाऱ्या विद्यार्थ्यास ते आयतेच सापडते. सामायिक संगणकावर टोकन केवळ स्मृतीत ठेवावे आणि काम संपताच रद्द करावे.